बंद दाराआडचं काम कुणाला तरी ऐकवताना

शाळेतल्या समुपदेशकाचं काम बंद दाराआड चालतं. शिक्षकाचा तास मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून बघू शकतात, खेळाच्या प्रशिक्षकाचा सराव मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणालाही दिसतो. माझ्या खोलीत मात्र एक मूल, मी आणि दोन खुर्च्या एवढंच असतं. गोपनीयतेसाठी ते तसंच असायला हवं. पण त्यामुळे होतं असं की वर्षानुवर्षं काम करूनही आपण मुलांशी नेमकं कसं बोलतो, हे त्या मुलांखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. आणि मुलं ते सांगायला येत नाहीत. फार तर पुढच्या वेळी यायचं टाळतात.

म्हणूनच, स्वतःच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण आणून गटात ऐकवायचं, अशी अट असलेल्या वर्षभराच्या प्रशिक्षणाबद्दल कळलं तेव्हा मी लगेच नाव नोंदवलं. शाळेतले समुपदेशक आणि तरुणांबरोबर काम करणारे कार्यकर्ते अशा दोघांसाठी ते होतं. महिन्यातून एकदा गटाची बैठक, मधल्या काळात मार्गदर्शक ताईंबरोबर एकेकट्याचं सुपरव्हिजन (म्हणजे आपलं काम अनुभवी माणसापुढे ठेवून त्यावर बोलणं), आणि घरी करायचं बरंचसं काम.

याआधी मी काही शिकलेच नव्हते असं नाही. परीक्षेचा ताण, मोबाइलचं व्यसन, किशोरवय, मुलांमधली दादागिरी अशा विषयांवर एकदिवसीय कार्यशाळा होतच असतात. त्यांत चांगले वक्ते भेटले, वह्या भरल्या, दृष्टीही बदलली. पण दृष्टी बदलली म्हणून जीभ बदलतेच असं नाही. हे माझं नुसतं मत नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे उपदेश न करता समोरच्याच्याच बोलण्यातून बदलाची इच्छा पुढे आणायची पद्धत, 1983 साली प्रथम मांडणाऱ्या विल्यम मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली होती. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका छोट्या अभ्यासात कार्यशाळेला आलेल्यांनी आपण पुष्कळ शिकलो असं लिहून दिलं. त्यांचं प्रत्यक्ष बोलणं ऐकलं तेव्हा मात्र बदल किरकोळ निघाला आणि समोरच्या माणसाच्या प्रतिसादात फरक पडण्याइतका तर नव्हताच. मग 2004 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 140 व्यावसायिकांचे गट करून पाहिलं. नुसत्या कार्यशाळेतून आलेलं कौशल्य काही महिन्यांत ओसरलं. ज्यांचं बोलणं कुणीतरी ऐकून त्यांना परत सांगितलं किंवा ज्यांना फोनवरून मार्गदर्शन मिळालं, त्यांचं टिकलं. स्वतःच्या पद्धतीची अशी तपासणी करून ती छापणारा माणूस मला फार विश्वासाचा वाटतो.

ध्वनिमुद्रणाची कल्पना तर त्याहून जुनी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स 1940च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात होते. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची सत्रं तबकड्यांवर मुद्रित केली. एका तबकडीवर काहीच मिनिटं मावायची. एवढा खटाटोप करून त्यांनी 1942 साली एका माणसाबरोबरच्या सगळ्या सत्रांचा शब्दन् शब्द छापला. बंद खोलीत काय बोललं जातं, हे त्यामुळे पहिल्यांदा इतरांना वाचता आलं. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये ती सोय असते, तरी आपल्यापैकी किती जण ती वापरतात?

अर्थात मुलाचं बोलणं मुद्रित करणं ही साधी गोष्ट नाही. प्रशिक्षणाचा सुरुवातीचा बराच काळ फक्त संमती या एका विषयावर गेला, आणि तो योग्यच होता. पालकांची लेखी संमती तर हवीच, पण मुलाची स्वतःची वेगळी हवी. ती घेताना मुलाला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: हे कोण ऐकणार, नंतर त्याचं काय होणार आणि मध्येच 'बंद करा' म्हटलं तर काय. फाइलला मुलाचं नाव द्यायचं नाही, शाळेच्या संगणकावर ती ठेवायची नाही आणि सुपरव्हिजन झालं की पुसून टाकायची. ज्या मुलाच्या घरचा प्रश्न नाजूक आहे किंवा जे नुकतंच एखाद्या धक्क्यातून जात आहे, त्याला विचारायचंच नाही, मग आपल्या अभ्यासाला ते सत्र कितीही उपयोगी असो.

आठवीतल्या एका मुलाला मी हे सगळं समजावून सांगत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते माझ्या बोलण्याला मार्क देणार?"

"नाही. माझ्या बोलण्याला."

तो खुर्चीत सावरून बसला. "मग चालेल," म्हणाला आणि यंत्राचं बटण त्यानंच दाबलं. नंतर मी हे पाळायला लागले. बटण मुलाच्या बाजूला ठेवायचं. सुरू करायचं ते त्यानं, आणि बंद करायचं तेही त्यानंच.

मुद्रण झालं की त्यातल्या वीसेक मिनिटांचं बोलणं शब्दशः उतरवायचं, हा पुढचा भाग. सॉफ्टवेअरनं नाही, हातानं. 'अं', 'हो ना', मधली शांतता, सगळं. मग रंगीत पेन्सिली घेऊन आपल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायची: प्रश्न एका रंगात, मुलाचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणारी वाक्यं दुसऱ्या, सल्ला तिसऱ्या, त्याच्यातल्या चांगल्या गोष्टीची दखल घेणारी वाक्यं चौथ्या. ही मोजणी मनाला येईल तशी नव्हती. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग तपासण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यात प्रश्नांच्या दुप्पट परत मांडलेली वाक्यं असली तर काम चांगलं समजतात, निदान बरोबरीनं तरी असावीत असं धरतात. माझं पान प्रश्नांच्या रंगानं भरलं. गटातल्या जवळजवळ सगळ्यांचं तसंच होतं. ताई म्हणाल्या, शाळेत काम करणाऱ्यांचं असंच होतं, कारण शाळा ही प्रश्न विचारण्याची जागा आहे. वर्गात प्रश्न, तोंडी परीक्षेत प्रश्न, उशीर झाला की दारात प्रश्न. समुपदेशकाची खोली मुलाला त्याहून वेगळी वाटायला हवी असेल तर वेगळेपण बोलण्याच्या घडणीतच आणावं लागेल.

ते कसं, हे मला एका सरावात उमगलं आणि तो सराव मी अजून सगळ्यांना सुचवते. उतरवलेल्या संवादातून मुलाचं एक वाक्य उचलायचं. आपण मुलाच्या खुर्चीत बसायचं. गटातल्या दुसऱ्या कुणीतरी समुपदेशक व्हायचं. माझ्या हातात वाक्य होतं, "घरी कुणी विचारतच नाही." ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेले होते. मी ते म्हटलं. पहिल्या सहकाऱ्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी उत्तर दिलं: आई, बाबा, आजी. तिथंच संपलं. मी माहिती पुरवली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. मग दुसरी सहकारी त्या जागी बसली. मी तेच वाक्य म्हटलं. ती थोडं थांबून म्हणाली, "कुणीतरी विचारावं असं वाटतंय."

मी खरं तर अभिनय करत होते. पण त्या वाक्यावर मला पटकन काही बोलता येईना. जे सांगायचं मी ठरवलंही नव्हतं, तसलं काहीतरी वर यायला लागलं आणि खोलीतली शांतता मुळीच जड वाटेना. दुसऱ्या सहकारीनं मला काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची घाई नव्हती. ताईंनी लगेच हेही बजावलं की पहिला प्रश्न टाकाऊ नाही. मूल घरी सुरक्षित आहे का, हे तपासायचं असतं तेव्हा कोण कोण असतं हे विचारावंच लागतं. कोणत्या क्षणी काय, हे ओळखता येणं म्हणजे कौशल्य, आणि ते मुलाच्या खुर्चीत बसल्याशिवाय मला तरी कळलं नसतं.

आत्महत्येच्या धोक्याबद्दलचा भाग सगळ्यात अवघड होता आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. माहिती बहुतेकांकडे होती. प्रश्न तोंडातून बाहेर काढण्याचा होता. जोड्या करून बसलो. एकानं सोळा वर्षांचा मुलगा व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्या डोळ्यांकडे बघून सरळ विचारायचं. गटातल्या अनुभवी माणसांचाही आवाज तिथं खाली गेला. पहिल्या फेरीत जे प्रश्न ऐकू आले ते असे: "तसलं काही मनात नाही ना आणत?" "काही वेडंवाकडं नाही ना करणार?" ताईंनी मुलगा झालेल्यांना विचारलं, यावर तुम्ही काय म्हणाल? सगळे म्हणाले, "नाही." विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय ते प्रश्नातच ऐकू येतं, आणि त्रासात असलेलं मूल मोठ्या माणसाला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं.

मग आम्ही असं म्हणायचा सराव केला: "इतका त्रास होत असला की काही मुलांच्या मनात आत्महत्येचा विचार येतो. तुझ्या मनात येतो का?" विचारायचं आणि थांबायचं. उत्तर 'हो' आलं तर चेहरा घाबरा न करता, "हे सांगितलंस ते बरं केलंस," असं म्हणायचं. मग तो विचार किती वेळा येतो, काही ठरवलं आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, हे एकेक करून विचारायचं. त्यानंतर मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना किंवा घरच्या जबाबदार मोठ्या माणसाला बोलवायचं आणि तज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत हात सोडायचा नाही.

विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेली कल्पना शिरेल ही भीती शिक्षक आणि पालक नेहमी बोलून दाखवतात. गटातही ती निघाली. तिला उत्तर आहे. मॅडलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा माध्यमिक शाळांमधल्या 2342 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना पहिल्याच पाहणीत आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, बाकीच्यांना नाही. ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढली नाही, विचारही वाढले नाहीत. आणि ज्यांना आधीच नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्यानं उलट थोडं बरं वाटल्याचं दिसलं. हे मी आता शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत सांगते.

इथेच एक जुनी सवय मोडीत निघाली. 'मी स्वतःला इजा करणार नाही' असं मुलाकडून वदवून किंवा लिहून घ्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती, अजूनही असेल. त्या वचनानं मूल वाचतं असा पुरावा नाही. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेला सुरक्षा आराखडा आम्ही शिकलो. तो मुलाबरोबर बसून, मुलाच्याच शब्दांत लिहायचा असतो. वाईट वेळ जवळ येतेय हे मला कशावरून कळतं, एकट्यानं मी काय करू शकतो, कुठे किंवा कुणाकडे गेलं तर मन दुसरीकडे वळतं, मदत मागावी अशी घरची-मित्रांतली माणसं कोण, तज्ज्ञ आणि हेल्पलाइन कोणती, आणि आजूबाजूची धोक्याची साधनं दूर कशी ठेवायची. ही शेवटची गोष्ट मोठ्यांना सोबत घेऊनच होते.

सरावात 'मुलगा' झालेल्या सहकाऱ्यानं दुसऱ्या पायरीला "गाणी ऐकेन" असं लिहायला सांगितलं. ताई थांबल्या. "कुठली? आणि रात्री फोन आईकडे असतो म्हणालास, मग?" त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग गच्चीवर..." आणि स्वतःच थबकला. आम्ही सगळेच थबकलो. गच्ची खोडली. शेवटी लिहिलं, 'मोठ्या बहिणीच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगावर बसेन, बोललो नाही तरी चालेल.' आराखडा भरणं आणि आराखडा उपयोगी पडेल असा भरणं यातलं अंतर मला त्या एका ओळीवर दिसलं. नुसती रकान्यांची यादी वाचून ते दिसत नाही.

गटातल्या युवा कार्यकर्त्यांमुळे प्रशिक्षणाला वेगळीच बाजू मिळाली. त्यांच्याकडे खोली नसते. कुणी खेळाच्या निमित्तानं मुलांना भेटतं, कुणी वसतिगृहात, कुणी शाळा मधेच सुटलेल्या मुलांबरोबर. त्यांचं महत्त्वाचं बोलणं चालता चालता होतं, चेंडू गोळा करताना होतं. समोरासमोर न बसता शेजारी शेजारी चालत असलं की मुलं जास्त सहज बोलतात, असा त्यांचा अनुभव. मी तो शाळेत वापरून पाहिला. आता काही मुलांना मी खोलीत बोलावतच नाही, मधल्या सुट्टीत मैदानाला एक फेरी मारू म्हणते.

चालता चालता ध्वनिमुद्रण करता येत नाही, म्हणून ते प्रोसेस रेकॉर्डिंग करायचे. समाजकार्यातली ही जुनी रीत. भेट झाल्यावर त्याच दिवशी आठवेल तसा संवाद लिहायचा, शेजारच्या रकान्यात त्या क्षणी आपल्या मनात काय आलं ते लिहायचं आणि तिसरा रकाना मार्गदर्शकासाठी मोकळा ठेवायचा. ज्या मुलांना ध्वनिमुद्रण नको असतं त्यांच्याबाबतीत मीही आता हेच करते. त्यातला मधला रकाना कधी कधी संवादापेक्षा जास्त शिकवतो. एखाद्या मुलाशी बोलताना 'घड्याळाकडे लक्ष गेलं' असं लागोपाठ लिहिलं गेलं, की सुपरव्हिजनमध्ये कशाबद्दल बोलायचं ते आपोआप ठरतं.

रात्री येणाऱ्या संदेशांचा प्रश्नही त्यांनीच मांडला. अकरा वाजता मुलाचा संदेश येतो: 'जागे आहात का?' उत्तर द्यावं तर त्याला अंत नाही, न द्यावं तर झोप लागत नाही. यावर पुष्कळ वाद झाला. निघालेला मार्ग साधा होता, पण कामाचा आहे. संदेश आल्यावर काय करायचं हे ठरवत बसू नका, पहिल्या भेटीतच सांगून टाका: मी अमुक वाजेनंतर फोन बघत नाही, त्या वेळेत तातडीचं काही असेल तर घरातलं हे माणूस आणि ही हेल्पलाइन. गोपनीयतेच्या मर्यादाही त्याच भेटीत. तुझ्या जिवाला धोका असेल, तुला कुणी इजा करत असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तर मला ते सांगावं लागेल आणि शक्य तिथे मी ते आधी तुझ्या कानावर घालीन. 'कुणालाही सांगणार नाही' हे वाक्य आपल्या कामात कधीच वापरायचं नाही.

सगळे भाग सारखे उतरले असं नाही. बालपणीच्या आघातांवरचं सत्र मला अपुरं वाटलं. फेलिटी आणि आंडा या अमेरिकन डॉक्टरांचा 1998 सालचा अभ्यास मोठा आहे. बालपणातल्या छळाचा आणि घरातल्या बिघाडाचा मोठेपणीच्या आजारांशी असलेला संबंध त्यातून समोर आला. पण त्यावरून मुलांना प्रश्नावली देऊन गुण काढायचे आणि त्या आकड्यानं मुलाला ओळखायचं, हे मला मान्य नाही. तो आकडा लोकसमूहाबद्दल काही सांगतो, एका मुलाचं भविष्य सांगत नाही. खुद्द आंडा यांनी 2020 साली सहकाऱ्यांबरोबर लिहून या गैरवापराबद्दल सावध केलं आहे. सत्रात त्याचा उल्लेखही झाला नाही, म्हणून मी तो लेख गटात वाटला आणि पुढच्या बैठकीत त्यावर वेळ घेतला. आपल्या थकव्याबद्दलचं सत्रही घाईत उरकलं. चार्ल्स फिगली यांनी 1990च्या दशकात ज्याला करुणेचा थकवा (दुसऱ्यांची दुःखं सतत ऐकून येणारा) म्हटलं, त्याच्यावर श्वासाचे व्यायाम पुरेसे नाहीत. दिवसात लागोपाठ किती मुलं बघायची, याला मर्यादा लागते, आणि ती एकट्या समुपदेशकाच्या हातात नसते.

मर्यादेचा हा मुद्दा मी माझ्या मुख्याध्यापकांपुढे मांडला. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सुचवते. तो आकडा बहुतेक ठिकाणी गाठला जात नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी माणसं मागितली नाहीत, वेळ मागितला. सुपरव्हिजनची वेळ माझ्या वेळापत्रकात छापली जावी, त्या वेळी मला गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर पाठवू नये आणि तो कामाचा वेळ धरावा. थोडी चर्चा झाली. "यानं मुलांना नेमका काय फायदा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी रंगीत रेघांची दोन पानं समोर ठेवली, एक सुरुवातीचं आणि एक वर्षाअखेरचं. मुलाचं बोलणं कुठल्या पानावर जास्त आहे, हे न वाचताही दिसत होतं. तो तास आता वेळापत्रकात आहे.

प्रशिक्षण संपल्यावर आमच्यातल्या काही जणांनी गट चालू ठेवला आहे. ताई आता दर वेळी नसतात. प्रत्येक बैठकीत एकाचं ध्वनिमुद्रण किंवा तीन रकान्यांचं पान, त्याआधी मागच्या वेळी जे करून बघायचं ठरलं होतं त्याचं काय झालं ते, आणि नंतर रोल-प्ले. नवीन येणाऱ्याला एकच नियम सांगितला जातो: आधी मुलाच्या खुर्चीत बसा. पुढच्या बैठकीला वसतिगृहात नुकतेच रुजू झालेले दोघे येणार आहेत. त्यांना पहिल्या भेटीत मुलांना काय सांगायचं याचा सराव हवा आहे, आणि तो मी घेणार आहे.